लाल चिखलाचं खळं

"अगो, तुझे ब्लॉक मीठ ओकतायत!"

नानांचा फोन आला तेव्हा मी प्लांटमध्ये होते. नाना आईचे शेजारी, श्रीवर्धनला त्यांची सुपारीची वाडी. त्यांचं खळं, म्हणजे सुपारी वाळवायचं अंगण, आमच्या कंपनीच्या नव्या पेव्हर ब्लॉकने बांधलेलं. आमचं पहिलंच काम. उतरवलेली सुपारी ओटीवर ढीग लावून पडली होती. उन्हात पसरली नाही तर बुरशी धरून वर्षाचं पीक जाणार.

हे ब्लॉक रेड मडचे. बॉक्साइट कॉस्टिक सोड्यात शिजवून ॲल्युमिना काढला की मागे लाल चिखल उरतो. कोणाला नको असतो, म्हणून तळी बांधून साठवतात. मी मटेरियल इंजिनियर. त्यात स्लॅग, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी, घालून ब्लॉक करते. मडमधल्या सोड्यानेच स्लॅग घट्ट होतो, सिमेंट जवळजवळ लागत नाही. या चिखलाला नावं ठेवलेली मला खपत नाहीत.

तडक श्रीवर्धनला गेले. ब्लॉकवर पांढरी भुकटी होती आणि तिच्याखाली शेणाचा पापुद्रा.

"नाना, ब्लॉक सारवलेत?"

"मग? न सारवलेल्या खळ्यावर सुपारी घालतात होय?"

मला हसूच फुटलं. आमच्या घरीही हेच झालं असतं. ओल्या शेणाचं पाणी आत मुरलं आणि मोकळा राहिलेला सोडा घेऊन वर आलं. भुकटी भिजवून चिरलेल्या सुपारीवर चोळली, तर गर लाल पडला. इथली सुपारी पांढऱ्या गरावरच विकली जाते. हसू तिथेच जिरलं.

साहेबांना कळवलं.

"स्ट्रेंग्थ पास आहे ना? मग कस्टमरने मिसयूज केलाय. पेव्हरला शेण कोण लावतं?"

"इथे सगळे लावतात, सर."

"सांगा, लावू नका म्हणून."

"मी आईला सांगू शकत नाही, नानांना काय सांगणार?"

"मग मिक्स बदला. लवकर."

नानांची निम्मी सुपारी गच्चीवर मावली. उरलेली ओटीवरच, बुरशी धरू नये म्हणून ते ती रोज चाळवत आणि तिच्याकडे बघत मला फोन करत. मी मड आणखी एकदा धुऊन घेतला, त्याचं प्रमाण कमी केलं, स्लॅग वाढवला, ब्लॉक वाफेवर पक्के केले. प्रत्येक बॅच प्लांटमध्येच शेणाने सारवली. पोरं नाक दाबून हसली. दोन बॅच पुन्हा पांढऱ्या पडल्या. तिसरी लाल ती लालच राहिली.

खळं उखडून नवं घातलं. नानांनी अर्थातच सारवलं. ओटीवरची सुपारी त्यावर वाळल्यावर त्यांनी एक फोडून माझ्या हातावर ठेवली. पांढरीशुभ्र. मला जे वाटलं, ते पगारवाढीलाही वाटलं नव्हतं.

आता आमच्या टेस्ट रिपोर्टमध्ये सारवणाचीही एक ओळ असते. मुंबईचे कस्टमर विचारतात, हे काय? साहेब गंभीर चेहऱ्याने सांगतात, "ड्युरॅबिलिटी." माल आपला असला तरी वापरायची रीत गिऱ्हाइकाची. ती बदलण्यापेक्षा मिक्स बदलणं स्वस्त पडतं.