शनिवारचं चुकलेलं डायलिसिस

वंदना मॅडम गेल्या, त्याला आज एक वर्ष झालं. त्यांच्या जाण्यात माझी चूक आहे.

वर्षभर हे कुणाला सांगितलं नाही. आज लिहिते.

ज्यांना मॅडम माहीत नाहीत त्यांना सांगते. जवळा बाजार गावच्या कॉलेजात अकरावी-बारावीला त्या आम्हाला बायोलॉजी शिकवायच्या.

अकरावीचा पहिला तास. आम्हाला वाटलं पेशी, फुलं, बेडूक असं काहीतरी असेल. मॅडमनी डब्यातून चिमूटभर मीठ काढलं आणि टेबलावर ठेवलं.

पुढचा महिनाभर नुसती केमिस्ट्री. अणू, आयन, पाणी, आम्ल.

शेवटी एका मुलानं विचारलंच, की हे तर केमिस्ट्रीचे सर शिकवतात, मग इथं परत काहून शिकायचं.

मॅडम म्हणाल्या, "सरांकडं ते फळ्यावर हाय. इथं ते तुझ्या अंगात हाय."

एकदा त्यांनी वसमतची हळद कागदाला चोळून आणली. साबणाचं पाणी टाकलं, कागद लाल. लिंबू पिळलं, परत पिवळा. आम्ही हसलो, घरी रोज बघतो हे.

मग त्या म्हणाल्या, रक्ताला एवढं इकडंतिकडं होणं परवडत नाही. जरासं सरकलं तरी माणूस राहत नाही.

आयन शिकवायला तर त्यांनी आम्हाला मैदानात नेलं. चुन्यानं मोठा गोल आखला. ती पेशी. आम्ही बऱ्याच मुली आत, आम्ही पोटॅशियम. बहुतेक मुलं बाहेर, ती सोडियम. दोघं जण दारावर उभे. ते तीन सोडियम बाहेर काढायचे आणि दोन पोटॅशियम आत घ्यायचे.

आत जास्त, बाहेर कमी. एवढ्या फरकावर आपलं हृदय चालतं, हे मला त्या मैदानात कळलं. पुस्तकात नंतर वाचलं.

त्यांच्यामुळेच मी या लाईनला आले. हिंगोलीत डायलिसिस टेक्निशियन झाले.

आणि तीन वर्षांपूर्वी एका सकाळी फाईल उघडली, तर पेशंटच्या नावात मॅडमचं नाव.

बीपीनं दोन्ही किडन्या गेल्या होत्या.

मला रडू आलं. त्यांना नाही. बेडवर झोपल्या झोपल्या त्यांनी मशीनकडं बघितलं आणि माझी परीक्षाच घेतली. या पाण्यात पोटॅशियम कमी का ठेवता? मी म्हटलं, रक्तातलं जास्तीचं तिकडं जावं म्हणून. आणि बायकार्बोनेट? मी म्हटलं, रक्तातलं आम्ल कमी करायला.

त्यांनी डोळे मिटून घेतले. म्हणाल्या, "बराबर. आता टोच सुई."

बुधवार आणि शनिवार. चार-चार तास. मॅडमचे मिस्टर, आमचे काका, त्यांना घेऊन यायचे. उरलेले दिवस त्या कॉलेजात शिकवायच्या. नोकरी सोडा असं सगळे म्हणायचे. मी कधी म्हटलं नाही.

गेल्या वर्षी याच आठवड्यात, शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. शनिवारी बारावीचं प्रॅक्टिकल होतं, बाहेरून परीक्षक येणार होते. पोरं घाबरलेली आहेत, म्हणाल्या. रविवारी आमचं सेंटर बंद.

"शीतल, मी सोमवारी आले तर चालंल का?"

हा निर्णय माझा नव्हताच. डॉक्टरांना विचारायचं असतं. त्यांनी साफ नाही म्हटलं असतं, किंवा शुक्रवारीच बोलावून घेतलं असतं.

हे मला माहीत होतं. पण फोनवर माझ्या मॅडम होत्या. मी त्यांना आयुष्यात कधी नाही म्हटलं नव्हतं.

मी म्हटलं, चालतंय मॅडम. फक्त फळं खाऊ नका, पाणी कमी प्या.

डॉक्टरांना सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी काकांनी त्यांना जीपमधून अक्षरशः उचलून आणलं. पायात ताकद नव्हती. चेहरा सुजलेला. तरी बोलत होत्या.

"पाय उचलून नाही राहिले. पोटॅशियम असंल बघ."

ईसीजी काढला. मला वाचता येतो तो. टोकदार उंच लाटा, पोटॅशियम वाढल्याच्या. डॉक्टर धावत आले, इंजेक्शन दिलं. मी मशीन लावायला घेतलं. सुईचं पाकीट घाईघाईत फाडलं.

मॅडमनी माझं मनगट धरलं. "घाई करू नको. नीट कर."

सुया लावून झाल्या होत्या. मशीन सुरू होण्याआधी हृदय थांबलं.

पाऊण तास आम्ही छाती दाबत होतो.

नंतर रक्ताचा रिपोर्ट आला. पोटॅशियम पाचच्या आसपास असायला पाहिजे, ते आठच्या वर.

सगळे म्हणाले, किडनीचा पेशंट, कधीतरी होणारच होतं. त्यांच्या गावी मी मातीला गेले. पोरं ढसाढसा रडत होती. प्रॅक्टिकल चांगलं झालं होतं त्यांचं. काकांच्या समोर मी गेले नाही. नंतरही गेले नाही.

आज गेले.

घरात पुण्यानुमोदनाची, मॅडमच्या पहिल्या स्मृतिदिनाची तयारी चालली होती. काकांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. फोन, मी काय म्हटलं ते, डॉक्टरांना न विचारल्याचं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तू नाही म्हणली असती तर आली असती का ती?"

मला खोटं बोलता आलं असतं. नसत्या आल्या, असं म्हटलं असतं तर दोघांनाही बरं वाटलं असतं.

मी म्हटलं, "आल्या असत्या, काका. मी म्हटलं असतं तर आल्या असत्या."

त्यांनी मान हलवली. आत गेले. परत बाहेर आले नाहीत.

मी मागच्या रांगेत बसले. बुद्धवंदना झाली तेव्हा उठले आणि एसटी पकडली. उद्या बुधवार आहे, सकाळी सहाला पहिला पेशंट आहे.

सकाळी आधी डॉक्टरांना सांगणार आहे. त्यांना अजून माहीत नाही.

मॅडम, मला माफ करा असं लिहिणार नाही.

शेवटचा जय भीम.

तुमची विद्यार्थिनी,
शीतल