नंदानं सांगितलेली लुगड्याची गोष्ट

नंदा गेल्याची बातमी मला मोबाईलवर कळली. बेंगळूरला बनशंकरीतल्या आमच्या घरी मी मेथी निवडत बसलो होतो आणि तिच्या कंपनीच्या पानावर काळ्या चौकटीत तिचा हसरा फोटो आला. गळ्यात टेप, चष्मा कपाळावर सरकवलेला. खाली इंग्रजीत चार सुबक ओळी. दवाखान्यात तिच्याजवळ बसलेल्या माझ्या बायकोचा, सुलभाचा, फोन त्यानंतर आला. ती रडत काहीतरी सांगत होती आणि माझ्या डोक्यात एकच घोळत होतं... इतक्यात या ओळी लिहिल्या कुणी? की आधीच लिहून ठेवल्या होत्या? सख्खी धाकटी बहीण गेली आणि भावाच्या मनात दुःखाआधी संशय आला. पण सगळी नोकरी मी कारखान्याच्या तपासणी खात्यात काढली आहे. समोर आलेला माल चांगला असेल असं आधी मानायचं, ही सवय मला कधी लागलीच नाही.

‘काठोकाठ’ हे नाव काहींनी ऐकलं असेल. जुन्या साड्यांचे काठ वापरून झगे, जाकिटं, शर्ट करणारी नंदाची कंपनी. बेंगळूरच्या लोकांना ते नाव धड उच्चारता येत नसे, आणि नंदाला त्याचाच अभिमान. “जीभ अडखळली की नाव ध्यानात राहतं अण्णा,” म्हणायची. बारावीनंतर मीच तिला निपाणीकडच्या आमच्या गावातून इथं आणलं. बोम्मसंद्राच्या एका कपड्यांच्या कारखान्यात ती कामाला लागली. तिथं तिच्या वाट्याला फक्त कॉलर. दिवसभर कॉलरच शिवायच्या, अख्खा शर्ट कधी बघायलाही मिळायचा नाही. संध्याकाळी बसमधून उतरली की म्हणायची, “आज माझ्या कॉलरी कुणाच्या अंगावर चढणार देव जाणे.” नाकारलेल्या मालातले तुकडे विचारून आणायची आणि रविवारी आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर पसरून बसायची. सुलभा ओरडायची, नंदा हसायची, जेवण उशिरा व्हायचं. त्या तुकड्यांचाच तिनं पहिला झगा केला, शेजारच्या अक्काच्या मुलीसाठी. निळ्या चौकड्यांचा आणि पांढऱ्या पट्ट्यांचा, एक बाही दुसरीहून जरा लांब. ती पोरगी तो अंगातून काढायला तयार नव्हती.

आमच्या आईला हे काहीच पटलं नाही. आईला आम्ही अव्वा म्हणत असू. अव्वा एकदाच बेंगळूरला आली आणि तेवढ्यात दोघींचं वाजलं. अव्वानं सोबत आणलेल्या ट्रंकेत तिच्या लग्नातलं हिरवं इरकली लुगडं होतं, लाल पदराचं. नंदानं त्याचा काठ मागितला, नुसता काठ. अव्वा ट्रंकेवर जाऊन बसली. “धडक्या लुगड्याला कात्री लावायची असली तर आधी मला मसणात पोचव,” म्हणाली. नंदा तावातावानं म्हणाली, “नुसतं कडुलिंबाच्या पाल्यात कुजवून काय करणार आहेस ते?” त्यानंतर दोघी एकमेकींशी सरळ बोलल्या नाहीत. नंदानं दुकान काढायच्या आधीच अव्वा गेली.

आता नंदाचं दुकान. तिथं ती खरी दिसायची. एकदा एका बड्या बाईंना जाकीट फार आवडलं होतं, पण खांद्यात बसत नव्हतं. नंदानं ते त्यांच्या अंगावरून उतरवूनच घेतलं. “तुम्ही हे घालून हिंडलात तर लोक मला हसतील,” म्हणाली, आणि वर चहा पाजून पाठवलं. त्या बाई पुढं तिच्या कायमच्या गिऱ्हाईक झाल्या. नाव वाढत गेलं तशी फॅशन शोची बोलावणी आली, मुंबईचे भागीदार आले, आणि शेवटी तिच्या आयुष्यावर आणि ब्रँडवर माहितीपट करायला पुण्याचा एक तरुण आला. ओंकार त्याचं नाव. बोलायला गोड, त्यामुळे मला सुरुवातीपासून खटकायचा. नंदा आजारी पडली आणि ब्रँड मुंबईत जायची बोलणी सुरू झाली, नेमका तेव्हाच कॅमेरा आला. मी तिला म्हटलंही, “ही फिल्म तुझ्यासाठी आहे की त्यांच्या मालासाठी?” उशीला टेकून ती औषधाचा कडवटपणा घालवायला खडीसाखर चघळत होती. “तुझा संशय काय जात नाही बघ अण्णा,” म्हणाली. “मालासाठीच आहे. म्हणून काय झालं? माझाच माल आहे की.”

ती गेल्यावर काही आठवड्यांनी ओंकारनं फिल्म दाखवायला घरी लॅपटॉप आणला. सुलभानं पोहे केले. फिल्म देखणी होती, हे कबूल करतो. पण बोम्मसंद्राचा त्यात उल्लेखही नव्हता. आणि मध्येच नंदाचा आवाज आला, सावकाश, सुंदर मराठीत... “माझ्या आईनं स्वतःच्या लग्नातलं लुगडं माझ्यापुढं ठेवलं, हातात कात्री दिली आणि म्हणाली, काप. त्यातून माझा पहिला कपडा झाला.” पडद्यावर नंदा नव्हती, नुसता आवाज होता, आणि हिरव्या कापडावरून फिरणारे कुणाचे तरी हात. फिल्म संपल्यावर ओंकार म्हणाला, “काका, या सीनला आजींचा फोटो मिळाला तर तो एकदम लिफ्ट होईल.”

“हे नंदा बोललेली नाही,” मी म्हटलं.

“म्हणजे?”

“ती आईला आई म्हणत नव्हती, अव्वा म्हणायची. इतकं सावकाश ती जन्मात बोलली नाही. आणि ते लुगडं आजही अखंड माझ्या कपाटात आहे. हल्ली मेलेल्या माणसाचा आवाज मशीनवर करता येतो, पेपरात येतं. खरं सांग, तुम्ही तेच केलंत ना?”

पोराचा चेहरा उतरला. तो एकदम पुण्याहून आलेला कुणीतरी न राहता नुसता एक घाबरलेला मुलगा दिसायला लागला. सुलभा मला म्हणाली, “अहो, जरा दमानं.” पण मी दमानं घेतलं नाही. भागीदारांनी सांगितलं का, किती लोकांना ठाऊक आहे, तो काळ्या चौकटीतला मजकूरही तूच लिहिलास का, असं सगळं एका दमात विचारलं. तो म्हणाला, “मजकूर ताईंनीच लिहून ठेवला होता काका. आपल्याबद्दल दुसऱ्यानं गोड गोड लिहिलेलं त्यांना नको होतं.” मला ते खरं वाटलं नाही. मग तो म्हणाला, “फिल्ममध्ये न घेतलेलं शूटिंग आहे. हे बघून ठरवा.”

त्यानं लावलं. दुकानातली खिडकीजवळची खुर्ची, खुर्चीत नंदा, अंगावर शाल. हडकलेली, पण डोळे तेच. तिनं लुगड्याची ती गोष्ट सांगितली, तशीच सावकाश, ठेवणीतल्या मराठीत, ‘आई’ म्हणत. मग खोकली. “स्वल्प पाणी दे रे,” म्हणाली, पाणी प्यायली आणि एकदम तिच्या खऱ्या आवाजात आली. “यातलं काही खरं नाही बघ. अव्वा ट्रंकेवर बसलेली, हलायला तयार नव्हती. पहिला झगा मी रिजेक्ट मालातनं शिवला. पण सुरुवातीला एका गिऱ्हाइकाला हे लुगड्याचं सांगितलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग सांगत गेले. आता काय झालंय ठाऊक आहे काय... आता मला ते दिसतंय. अव्वा उठतीय, ट्रंक उघडतीय, कात्री माझ्या हातात देतीय. रोज दिसतंय. एवढं दिसतंय ते खोटं कसं म्हणू मी?” तिनं खांद्यावरची शाल सारखी केली. मग कॅमेऱ्याकडे वळून म्हणाली, “हे नको ठेवूस. पहिलंच ठेव. आमचा अण्णा येईल भांडायला. त्याला मात्र हे दाखव.”

सुलभा उठून आत गेली. मी ओंकारला ते पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा बघताना मी तिच्या ओठांकडे लक्ष ठेवून होतो, शब्द आणि ओठ जुळतात का ते. जुळत होते. शिवाय ट्रंकेवर बसलेली अव्वा कुठल्याच मशीनला ठाऊक असणार नव्हती. इतकी वर्षं मला वाटत होतं, नंदानं ते भांडण कधीच झटकून टाकलं, तिला कशाचं सोयरसुतक नाही. तिच्या यशाकडेही मी थोडं त्याच नजरेनं बघत आलो होतो. आणि ही बाई रोज मनातल्या मनात अव्वाला ट्रंकेवरून उठवत होती...

फोटो मी दिला नाही. “फिल्म तिच्या म्हणण्याप्रमाणे राहू दे,” मी ओंकारला म्हटलं, “पण त्या खोट्या सीनला अव्वाचा खरा चेहरा मी लावू देणार नाही. एवढं माझं.” तो “सरी, काका” म्हणाला, म्हणजे ‘बरं’. इथं राहून तेवढं कन्नड त्याला आलं होतं. फिल्म फोटोशिवाय लागली. लोक रडले म्हणे. मी गेलो नाही.

मागच्या आठवड्यात मात्र दुकानात गेलो, नंदाची शाल आणि औषधांची पिशवी आणायला. खिडकीजवळची खुर्ची तशीच होती, तिच्यावर कुणी बसत नाही. काउंटरवरची मुलगी एका म्हाताऱ्या बाईंना जाकीट दाखवत लुगड्याची गोष्ट सांगत होती. बाई आमच्याच भागातल्या, बोलण्यावरून बेळगावकडच्या वाटल्या. मला बघून मुलगी म्हणाली, “हे मॅडमचे अण्णा.” बाई माझ्याकडे वळल्या. “होय काय? खरंच आईनं लग्नातलं लुगडं कापायला दिलं?”

इतक्या सरळ प्रश्नाला मी आयुष्यात कधी खोटं उत्तर दिलेलं नाही. खुर्चीकडे बघितलं.

“दिलं की,” मी म्हणालो. “कात्रीपण तिनंच आणून दिली. मी तिथंच होतो.”

बाईंनी मान हलवली आणि जाकिटाच्या काठावरून हळूच हात फिरवला. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला होता.