नामीवर माझा भरवसा नव्हता

केडगावच्या आमच्या चर्चमधल्या महिला मंडळात बायबलमधल्या रूथची गोष्ट निघाली की बायका डोळ्यांना पदर लावायच्या. नवरा मेला तरी 'तू जाशील तिथे मी' म्हणत सासूला न सोडणारी सून! मला मात्र तिच्या सासूचा, नामीचा, संशय यायचा. परमुलखातून परतल्यावर, सून शेजारी उभी असताना ही बाई गावाला सांगते, मी रिकामी परत आले. मग शेजारची कोण, गाठोडं?

माझ्या रागाला कारण होतं. नव्वदनंतरची ती वर्षं. माझा नवरा तापाचं निमित्त होऊन गेला. मूलबाळ नव्हतं. पाथर्डीकडचं माहेर दरसाल ऊसतोडीला जायचं, दाराला कुलूप. सासूने बाहेर काढलं असतं तर मला जायला जागाच नव्हती.

आणि सासूचं काहीतरी शिजत होतं. एरवी माझ्या भाकरीला नावं ठेवणारी बाई अचानक गोड बोलायला लागली. पाळकबाईंशी कुजबुजायची, मी जवळ गेले की दोघी उन्हाळ्याचा विषय काढायच्या. एका रविवारी उपासनेहून आल्या आल्या मला म्हणाली, "डोकं धू, निळी साडी नेस. पाव्हनं येत्यात."

नामीनेही रूथला असंच नटवून, लग्न जुळावं म्हणून, नात्यातल्या बवाजाच्या खळ्यावर धाडलं होतं. तुला जायचंय का, असं तिला कुणी विचारलं होतं? मी मुद्दाम जुनेरच नेसले.

पाहुणा बिजवर होता, नागापूरला कारखान्यात कामाला. माणूस वाईट दिसत नव्हता. खाली बघत चहा प्यायला आणि म्हणाला, "मावशी, माझी तयारी आहे." मी दाराआडून ऐकत होते.

सासू म्हणाली, "माजी बी हाय. पर ती जितं, तितं मी. माजी खाट बी न्यावी लागंल."

मला राहवलं नाही. बाहेर येऊन पाहुण्यादेखत विचारलं, "आत्याबाई, हे माझ्यासाठी चाललंय की तुमच्या म्हातारपणासाठी?"

तिने मान वळवलीसुद्धा नाही. "दोन्हीसाठी," म्हणाली. "एकटीला भाकर ग्वाड लागती व्हय?"

निव्वळ तुझ्यासाठी, असं म्हणाली असती तर मी त्या माणसाला हात जोडून परत पाठवलं असतं. मी त्याला सांगितलं, खाट जड आहे, टेम्पो लागेल.