एकच हाक, तीन रेडिओ

आमच्या पुनावळ्याच्या घरात कंदील एकच होता आणि तो माझ्या अभ्यासाला दिलेला होता. आई चुलीच्या उजेडात भाकरी थापायची. जमीन खडकाळ, तिच्यावरची ज्वारी वर्षाला पुरायची नाही. वडील नदीपलीकडे चिंचवडला एका कारखान्याच्या साहेबांच्या बंगल्यावर माळीकाम करायचे. थोरला भाऊ, माझा दादा, शाळा अर्धवट सोडून पिंपरीला नव्या कारखान्याच्या बांधकामावर पाट्या वाहायचा, आणि त्यावर मी पुण्याला कॉलेजात जायचो. हे मी लाजून सांगत नाही. आम्हा भावांआधी आमच्या घराण्यात सही करणारा कुणी नव्हता. मला तिथवर नेलं ते दादाच्या डोक्यावरच्या पाटीनं.

दादाचा आवाज असा की या शिवारातून त्या शिवारात जावा. एकदा पुण्याच्या रेडिओ केंद्राची माणसं आवाज भरून घ्यायचं यंत्र गाडीत घालून गावाचं भजन न्यायला आली. भजनापेक्षा त्यांना दादाची हाक आवडली. "या मंडळी, या! बसा, टेका!" ती त्यांनी भरून नेली, आणि दर आठवड्याला शेतकऱ्यांचा कार्यक्रम त्याच हाकेनं सुरू होऊ लागला.

चावडीवर पत्र्याच्या पेटीत सरकारी रेडिओ होता. कोतवाल दिवेलागणीला तो लावायचा. दादा त्या वेळी कामावरच असायचा, त्यामुळे हाक ऐकायला तो कधी चावडीवर नसायचा. गाव त्याची थट्टा करायचं, "काय राव, आता आभाळातनं वराडतोस व्हय!" आणि आईनं विचारलं की तो तिची थट्टा करायचा. "आये, सुट्टी झाली की पळत पुण्याला जातो, हाक मारतो नि येतो माघारी." आई हसायची. पण ते तिनं खरंच धरलं होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

त्या पावसाळ्यात कामावरून येताना पवनेच्या पाण्यात दादा गेला. काठच्या बाभळीत त्याचा पटका सापडला. अंग सापडलं नाही.

अंग सापडलं नाही तर आमच्याकडे पळसाच्या पानांचा पुतळा करतात, तो जाळतात आणि मग दिवस धरतात. वडिलांनी पानं आणायचं ठरवलं. त्याच आठवड्यात चावडीवरून हाक आली, "या मंडळी, या! बसा, टेका!"

आई अंगणात भांडी घासत होती. राखेचे हात तसेच घेऊन उठली. "आले रं," म्हणाली, आणि चालू लागली.

तिन्हीसांजेची हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, ती मेलेल्याची असू शकते, हे आमच्याकडे पोरांनासुद्धा ठाऊक. आई ओ देऊन बसली होती. बायकांनी ते ऐकलं. पुढच्या आठवड्यापासून कार्यक्रमाची वेळ झाली की दारं लागायची, पोरं आत ओढली जायची. कोतवाल रेडिओ लावून लांब जाऊन उभा राहायचा. मोकळ्या चावडीवर दादाची हाक मंडळींना बसायला सांगायची, आणि समोर आई एकटी बसलेली असायची.

"आई, तो आवाज भरून ठेवलाय," मी सांगायचो. "आधीचा आहे."

"आवाज काय लोणचं हाय भरून ठेवायला?"

"तबकडीवर गाणं असतं ना, तसं."

"तबकडी फिरताना दिसती. हितं काय फिरतंय दाव." मग हळूच म्हणायची, "पुण्यात हाय त्यो. काय तरी रागावलाय आपल्यावर."

वडिलांनी पळसाची पानं आणली की आई ती भिरकावून द्यायची. ताटात रोज दादाची भाकरी वाढली जायची. वडील खचत चालले. पुतळा जाळल्याशिवाय दादाला गती नाही, आणि आई जाळू देत नाही. दोघांच्या मध्ये दादा ना जिवंत ना मेलेला, असा घरात बसून होता.

बंगल्यावरच्या बाईसाहेबांना हे कळलं. मनानं चांगल्या. म्हणाल्या, "चावडीवरचा तो डबा. त्यात कोण बोलतंय ते काय कळणार? त्यांना इकडे आणा. आमच्या रेडिओवर नीट ऐकतील, म्हणजे खात्री होईल."

साहेबांचा रेडिओ विलायती, कपाटाएवढा, पॉलिश असं की त्यात तोंड दिसावं. मी विज्ञान शिकत होतो, पण तसा आवाज मीही कधी ऐकला नव्हता. हाक आली. चावडीवरची घरघर नाही, खरखर नाही. हाकेआधी दादानं घेतलेला श्वास ऐकू आला. तो त्या खोलीत, गालिच्यावर, आमच्यापासून हातभर अंतरावर उभा होता.

आई उठली आणि रेडिओच्या मागे गेली. मागच्या जाळीतून आतल्या काचेच्या नळ्यांचा तांबूस उजेड दिसत होता. तिनं जाळीला हात लावला.

"दिवा लावून बसलाय," ती म्हणाली. "ये रं भाईर. कुणी रागवत न्हाई."

बाईसाहेब तोंडाला पदर लावून आत गेल्या. वडील दारातच उकिडवे बसले.

महागाचा रेडिओ चांगला वाजतो का, असं आजही मला कुणी विचारलं तर मी सरळ सांगतो, वाजतो. फार चांगला वाजतो. त्या संध्याकाळी त्यानं मेलेला माणूस खोलीत आणून उभा केला, आणि आई घरी परतताना वाटभर त्याच्याशी बोलत आली.

मग मी माझा रेडिओ केला. जुन्या बाजारातून रेडिओच्या लहरी पकडणारा खडा आणला, वेळूच्या नळीवर तार गुंडाळली, लष्कराच्या मोडीतला कानाला लावायचा फोन मिळवला. एक तार चिंचेवर चढवली, दुसरी ओल्या जमिनीत पुरली. वीज नाही, बॅटरी नाही. आईला पटवावं असं काही माझ्या मनात नव्हतं. यात लपायला जागा नाही, एवढं तिला दिसलं तरी पुरे, असं वाटलं होतं.

वेळ झाली तेव्हा मी फोन तिच्या दोन्ही कानांवर बसवला. तिनं खडा पाहिला, तार पाहिली. नळी उचलून तिच्या आतून पलीकडे पाहिलं. मग डोळे मिटले. मला काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त तिचं तोंड दिसत होतं. ओठ हलले, ओ द्यायला उघडले, आणि तसेच राहिले.



"लई लांबनं येतोय," ती म्हणाली. "इहिरीच्या तळातनं यावा तसा. येतोय नि जातोय."

मी खोटं बोललो नाही. म्हटलं, "तार लहान आहे, आई. वाढवली तर मोठा येईल."

"नगं वाढवू." तिनं फोन काढला आणि माझ्या हातात दिला. "हाक मारतोय, पर आपल्याला न्हाई मारत. तो तिकडल्या मंडळींत बसलाय." आणि वडिलांकडे न बघता म्हणाली, "पानं आणा."

वडील त्याच पावली रानात गेले.

पुतळा आईनं स्वतः बांधला. डोक्याला नदीवरून आणलेला पटका गुंडाळला. पवनेच्या काठी आम्ही तो जाळला. दहाव्याला आईनं पिंडाशेजारी भाकरी ठेवली आणि मागे वळून न बघता घरी आली. कार्यक्रमाची हाक पुढेही कितीतरी आठवडे येत राहिली. आई चावडीवर गेली नाही.

पुढच्या साली मी बी.एस्सी. झालो, आमच्या घराण्यातला आणि गावातला पहिला. त्याआधी, दादा गेला त्याच पावसाळ्यात, त्याचे दिवस रीतसर पार पडले होते.