एलादियोचा करपलेला पिस्तो

माझी शेजारीण रुफिना डोळे मिटूनही स्वयंपाक करील, असं मी तिच्या तोंडावर म्हणायचे. त्यावर ती म्हणायची, "तू डोळे उघडे ठेवून करतेस, फेलिसा, तरी तुझ्याकडे कुणी जेवायला थांबत नाही." अशी तिची जीभ. पण ऑगस्टात तिच्या दारातल्या मण्यांच्या पडद्यामागून पिस्तोचा वास आला की रस्त्यावर खुर्च्या टाकून बसलेल्या आम्हा बायकांच्या गप्पा थांबायच्या.

तसं पाहिलं तर पिस्तोत आहे काय? कांदा, ढोबळी मिरची, झुकिनी, टोमॅटो. आमच्या ला मांचा भागात हे कुणाच्याही मळ्यात पिकतं. मेख एवढीच की प्रत्येक भाजी ऑलिव्हच्या तेलात वेगवेगळी, मंद आचेवर परतायची आणि टोमॅटो आटला की शेवटी सगळ्यांची गाठ घालून द्यायची, वाढताना वर एक तळलेलं अंडं. घाई केली की संपलं.

त्या उन्हाळ्यात रुफिनाचं पोट दुखू लागलं. डॉक्टरांनी तिला तपासून, काही इलाज न सांगताच घरी पाठवलं, तेव्हा आम्ही काय ते समजलो. तीही समजली. तिने आपली खाट स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत आणवली आणि नवऱ्याला हाक मारली.

"एलादियो, आजपासून पिस्तो तू करायचा."

"मी?" जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस तो. "मी घरं बांधतो."

"घर खाऊन पोट भरतं का? मी गेल्यावर खाशील काय? मारी लूस तुला माद्रिदला घेऊन जाईल, चौथ्या मजल्यावर. तिथे समोरची भिंत वाकडी आहे म्हणून कुरकुरत बसशील आणि वर्षभरात मरशील." मारी लूस ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती रोज संध्याकाळी फोन करून सांगायची की बाबांसाठी खोली तयार आहे.

"बघू," एलादियो म्हणाला.

"बघू नको, शीक. ज्या दिवशी तुझा पिस्तो जमेल ना, त्या दिवशी मी सुखाने डोळे मिटीन."

मी हसले. रुफिनाही हसली. एलादियो काही हसला नाही.

आणि मग ती खाटेवरून, नुसत्या आवाजावर, त्याला शिकवू लागली. "कांदा भांडतोय, आच कमी कर. त्याने कुजबुजलं पाहिजे." "झुकिनीचं पाणी अजून बोलतंय, एवढ्यात काढू नको." असा कान मी कुणाचा पाहिला नाही. पण शिष्य म्हणजे पालथा घडा. पहिल्या दिवशी त्याने सगळ्या भाज्या एकदम कढईत लोटल्या. "हे काय चुना-वाळू आहे?" ती ओरडली. पुढे कधी कांदा करपला, कधी मिरची कच्ची राहिली, कधी टोमॅटो खारट झाला. रुफिना एक घास घ्यायची आणि म्हणायची, "उद्या पुन्हा."

माझ्या मळ्यातले टोमॅटो वाया जात होते, म्हणून माझं डोकं फिरलेलं. ज्या माणसाने चर्चचा कललेला मनोरा ओळंबा लावून सरळ केला, त्याला चार भाज्या परतता येईनात? मी गावभर त्याची अक्कल काढत हिंडले.

एकदा दुपारी मी टोमॅटो घेऊन गेले आणि हाक न मारताच पडदा सारला. एलादियो कढईपुढे हाताची घडी घालून उभा होता. कांदा सोनेरी झाला, मग तपकिरी झाला. डाव शेजारीच होता. कांदा काळा पडला, धूर निघाला, तरी हा आपला उभाच. मी त्याला दंडाला धरून अंगणात ओढलं.

"मुद्दाम जाळतोस? लाज नाही वाटत? ती बिचारी तिकडे घसा फोडतेय."

"हळू बोल, फेलिसा."

"का पण?"

"ती काय म्हणाली होती ते तू ऐकलंस ना? जमला की ती जाणार."

"अरे खुळ्या, ती काय पिस्तोसाठी थांबलीय?" मी म्हणाले खरी, पण हळू आवाजात. इतके दिवस मी ज्याला मठ्ठ म्हणत होते, त्याच्यासमोर मला मान वर करवेना. मी टोमॅटो तिथेच ठेवले आणि कुणाजवळ काही बोलले नाही.

द्राक्षांची तोडणी सुरू झाली तशी रुफिनाची कळ वाढली. नर्सने औषध वाढवलं. खाणं सुटलंच होतं. एका सकाळी ती कूस बदलताना कळवळली आणि हळूच म्हणाली, "आता पुरे रे, एलादियो." ती पिस्तोबद्दल बोलत नव्हती.

तो माझ्या मळ्यात आला. एकेक टोमॅटो दाबून बघत त्याने स्वतः तोडले. मी रुफिनाजवळ बसले. आत कांदा कुजबुजला. मग मिरची, मग झुकिनी, प्रत्येकीला तिचा वेळ मिळाला. टोमॅटो हळूहळू आटत गेला. खाटेवरून एक सूचना गेली नाही. रुफिना डोळे मिटून ऐकत होती.

त्याने ताटली आणली, तिला चमच्याने भरवलं. तिने तो घास बराच वेळ तोंडात धरला.

"जमला," ती म्हणाली. "मारी लूसला सांग, त्या खोलीत शिलाई मशीन ठेव म्हणावं."

एलादियो खाटेच्या कडेला टेकला. "रुफिना, हा मला आधीही जमला असता."

"माहीत आहे. कांदा चुकून करपला की माणूस धावतो. तुझी पावलं हलायची नाहीत."

"मग बोलली का नाहीस?"

"मला तरी कुठे जायची घाई होती?"

त्याने तिच्या तळहातावर कपाळ टेकलं. तिने ते थोडा वेळ तसंच राहू दिलं आणि मग बोटांनी ढकललं.

"ऊठ, गार होतोय. आणि वर अंडं कुठाय? बिनअंड्याच्या पिस्तोवर बोळवण करतोस होय माझी?"

एलादियो उठला आणि अंडं तळायला गेला.