दोन मोटा, दोन मोटा आणि एक मोट

दुसऱ्यांच्या अन्यायावर पत्रक छापून तोच अन्याय तुम्ही कधी स्वतःच्या हाताने लिहून दिला आहे का? मी दिला आहे.

मोठ्या राज्यांनी अमेरिकेत आरमाराचा करार केला, तेव्हा मी अमरावतीत पत्रक छापलं. मोठ्या लढाऊ जहाजांचं प्रमाण ठरलं होतं: इंग्लंड आणि अमेरिका पाच-पाच, जपान तीन. मी दोन गोष्टींवर तुटून पडलो. ज्यांच्या किनाऱ्यांवर या तोफा रोखलेल्या असतात त्यांना कोणी विचारलं नाही. आणि लहान जहाजं मोजलीच नाहीत, म्हणजे चढाओढ थांबणार नाही, तिकडे वळेल.

वलगावच्या पारावर मी ते वाचून दाखवलं. वाचन संपल्यावर भाजीचे मळे करणारे दोन भाऊ पुढे आले. त्यांची विहीर सामाईक. एकाने मोट वाढवली की दुसरा वाढवी, आणि दुपारी विहीर कोरडी.

थोरला म्हणाला, "लेका, समुद्र आमी पायला नाई. पन त्यायनं जहाजं ठरवून घेतली, तशा आमच्या मोटा ठरवून दे."

"यानं तिसरी आनली तं मी चौथी आनीन," धाकटा म्हणाला.

"आन बैल कोनाचे जुपशीन, सासऱ्याचे?"

पार हसला. मी फुगलो. तिथंच कागद काढून लिहिलं: थोरल्याच्या दोन मोटा, धाकट्याच्या दोन, वारलेल्या मधल्या भावाच्या बायकोची एक. दोघांनी महादेवासमोर बेलभंडार उचलून शपथ घेतली. ती बाई पाराच्या मागेच बायकांत बसली होती. मी तिला बोलावलं नाही. एक होती ती एकच राहते आहे, विचारायचं काय, असं मला वाटलं.

भावांनी शब्द तंतोतंत पाळला. मोटा वाढवता येईनात, म्हणून ते तांबडं फुटायच्या आधी बैल जुंपू लागले. त्या बाईची बैलजोडी विहिरीच्या धावेवर येई तोवर मोटेत नुसता गाळ. चैत्रात तिची वांगी जळाली. ती अकोल्याला, कापसाची सरकी काढतात त्या जिनात कामाला गेली.

मी तिकडे गेलो. तिच्या केसांत कापसाचे तंतू होते.

"भाऊ, ज्यायले इचारलं नाई त्यायच्यासाठी तुमी वाचलं, मले लई बरं वाटलं," ती म्हणाली. "मंग मलेच नाई इचारलं."

"मावशी, मी दुसरा कागद लिहितो."

"कागद नोका लिवू. मले सकायचं पानी पायजे."

तसाच वलगावला आलो आणि सकाळचं पाणी तिला द्या म्हटलं. थोरला म्हणाला, "बेलभंडार उचलला हाय. मोडता येत नाई."

तो खोटं बोलत नव्हता. पण शपथ मोटांच्या संख्येची होती. आधी कोणी जुंपायचं हे मी लिहिलंच नव्हतं. ज्या चुकीवरून मी राज्यांना झोडपलं, तीच माझ्या चार ओळींत होती. हे मी दोघांना सांगितलं.

धाकटा म्हणाला, "तूच लिवलं आन आता तूच बोंबलून राहिला. गाव म्हनन तं पाहू."

म्हणून वलगावच्या वाचकांना सांगतो. या आठवड्यात त्या विहिरीवर जा. दिवस उगवताना पहिली पाळी त्या बाईची, एवढं त्या दोघांना म्हणा. शपथ त्याने मोडत नाही. ते हो म्हणाले तर अकोल्याला निरोप तुम्ही पाठवा. माझ्या शब्दावर ती आता येणार नाही.