गाऱ्हाण्यात अडलेला गाव

नारळ फोडला की त्या ओल्या वासाबरोबर शिरोड्यातली वीस वर्षांपूर्वीची एक सकाळ आठवते. आमच्या पडवीलगतच्या खोलीत एक निवृत्त परदेशी पाहुणा भाड्याने राहिला होता. मायदेशातलं घर विकून तो देशोदेशी राहत फिरायचा. पायाला भिंगरीच होती. तो निघायच्या दिवशी, प्रवास सुखाचा व्हावा म्हणून वडिलांनी त्याला गाऱ्हाणं घालायला देवळात नेलं. बाहेर रिक्षावाला सारखा हॉर्न वाजवत होता. म्हातारे गुरव नारळ हातात घेऊन अडले. "हेचो गाव खंयचो? गाव सांगल्याशिवाय देवाक कसा कळतला?" मी त्याला इंग्रजीत विचारलं. तो हसला, मग नुसताच पिशवीचा पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर करत राहिला. शेवटी गुरवांनीच डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, ह्यो आमच्या शिरोड्याचो. भायर चल्लो हा, तेका सुखरूप परत हाड." आम्ही सगळे "व्हय म्हाराजा" म्हणालो. तो परत कधी आला नाही. आता निवृत्तीनंतर मीही सहा महिने लेकाकडे, सहा महिने लेकीकडे, दोन्ही परदेशांतच. काल विमानतळाकडे निघण्याआधी लेकाच्या सिंकपाशी नारळ धरला, "ह्यो शिरोड्याचो" म्हटलं आणि थांबलो. "व्हय म्हाराजा" म्हणायला त्या घरात कोणीच नव्हतं.